सारंगीच्या ताती : वर्षाचा खर्च कुठे गळतो आणि कसा थांबवायचा?

मंद्रपंचम (प्रश्न)

ठाण्यात सारंगीचा वर्ग आहे. वर्गाच्या मालकीच्या चार सारंग्या. तरफांच्या (मुख्य तातींखाली आपोआप झंकारणाऱ्या) पस्तीस-छत्तीस तारांचा खर्च किरकोळ आहे, पोलादी आणि पितळी तारेचं एक रीळ वर्षभर पुरतं. पैसा जातो तो वरच्या तीन तातींवर. सगळ्या बकरीच्या आतड्याच्या आहेत, बाहेरून मागवलेल्या.

सध्याची मापं : पहिली (सा) १.० मिमी, दुसरी (मंद्र प) १.२५ मिमी, तिसरी (मंद्र सा) १.६ मिमी. वाजती लांबी आटीपासून (खुंट्यांकडचं टेकण) घोडीपर्यंत (खालचं टेकण) ४० सेंमी. सूर पांढरी दोन (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी). रोज सरासरी दोन तास वापर. एका सारंगीला वर्षाकाठी पहिली तात सहा वेळा, दुसरी दोनदा आणि तिसरी एकदा बदलावी लागते. पहिली बहुतेक वेळा घोडीवर तुटते, कधी खुंटीपाशी. झिजून काढायची वेळ क्वचितच येते.

विचारायचं असं :
१. पहिली तात अजून बारीक घेतली तर ताण कमी होऊन जास्त टिकेल का?
२. विद्यार्थ्यांच्या वाद्यांना नायलॉन लावावं का?
३. शस्त्रक्रियेचा कॅटगट धागा औषधांच्या ठोक दुकानात स्वस्त मिळतो, तो चालेल का?
४. मिरजेत किंवा जवळपास कुणी तात वळतं का?

---

राळ_आणि_गज

पहिल्या प्रश्नापासून धरतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. तुमची तात ताणाने तुटत नाही. हिशेब करून पाहा.

तातेची घनता साधारण १.३ ग्रॅम प्रति घन सेंमी. लांबी ४० सेंमी आणि पांढरी दोनचा सा म्हणजे २९४ हर्ट्झ धरला तर १.० मिमी तातेवर सुमारे ५.८ किलो ताण येतो. दुसरीवर (१.२५ मिमी, २२० हर्ट्झ) ५ किलो, तिसरीवर (१.६ मिमी, १४७ हर्ट्झ) ३.७ किलो. चांगली वळलेली तात एका चौरस मिलिमीटरला ३० किलोच्या आसपास तग धरते. १.० मिमी तातेचा छेद ०.७८५ चौरस मिलिमीटर, म्हणजे ती तेवीस किलोपर्यंत सहज जायला हवी. तुमच्याकडे तिच्यावर त्याच्या पाव भारच आहे. पाव भारावर तात तुटते याचा अर्थ तिला कुठेतरी कुणीतरी कापतंय. तुटण्याची जागाच सांगते कोण ते :

घोडीवर तुटली तर खाच. खुंटीपाशी तुटली तर भोकाची कड, किंवा शेवटचा वेढा खुंटीघराच्या भिंतीला चेपला जातोय. खाली लंगोटापाशी (ताती बांधायची तळाची जागा) तुटली तर गाठ. बोटांच्या जागी पिसारून तुटली तर ती खरी झीज. पैसे वसूल झाले असं फक्त या शेवटच्या प्रकाराला म्हणता येईल.

बारीक तात घेतल्याने फायदा नाही. ताण छेदाच्या प्रमाणात कमी होतो आणि तातेची ताकदही त्याच प्रमाणात कमी होते, म्हणजे भाराचं गुणोत्तर होतं तिथेच राहतं. उलट बारीक तातेत खाच जास्त रुतते आणि नखाच्या मुळाशी जास्त टोचते. सारंगीच चढ्या सुरात लावणार असाल तेव्हा मात्र माप बदला. पांढरी दोनवरून पांढरी तीनवर गेलात तर त्याच तातेवर ताण जवळजवळ सव्वापट होतो, ५.८ चा ७.३ किलो. तो पूर्ववत करायचा तर १.० ऐवजी ०.८९ लागते, ०.९ घ्यावी. तुटण्यापेक्षा इथे घोडी ज्यावर उभी असते त्या चामड्याचा विचार करायचा. वाढलेल्या ताणाचा दाब घोडीवाटे चामड्यावर येतो आणि ते लवकर बसतं.

---

खाचखळगा

वरच्या उत्तरातल्या खाचेबद्दल सविस्तर लिहितो. चारही वाद्यांचं हे काम एका दुपारी होतं आणि खर्च जवळजवळ नाही.

घोडीवरची मुख्य तातेची खाच बऱ्याच वाद्यांत करवतीच्या पात्याने पाडलेली असते. तिचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा. तात दोन्ही बाजूंनी चिमटली जाते, सूर लावताना सरकत नाही, मग कट्‌ असा आवाज करून एकदम उडी मारते. प्रत्येक उडीला वरचे दोन-चार धागे तुटतात. पंधरा दिवसांत त्या जागी पांढरट लव दिसू लागते, महिन्या-दीड महिन्यात तात जाते.

खाच तळाला गोल हवी, तातेपेक्षा किंचित रुंद, खोली तातेच्या जाडीच्या एक तृतीयांश ते निम्मी. १.० मिमी तातेला १.१ मिमीचं ड्रिलचं पातं घ्या, त्याभोवती ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळण्याइतकी जागा नसते, म्हणून पात्याची गुळगुळीत दांडीच बारीक कार्बोरंडमची पूड आणि थेंबभर तेल लावून खाचेत पुढे-मागे फिरवा. खाचेची दोन्ही तोंडं, लंगोटाकडची आणि आटीकडची, किंचित उतरती करा. तिथेच तात वाकते. शेवटी २ बी किंवा ४ बी पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. दर वेळी तात बदलताना पुन्हा घासायचं. साबण लावू नका, तो दमटीत चिकट होतो.

आटीवरही हेच करा, तिथे कुणी पाहत नाही.

खुंटीचं भोक : १.६ मिमी तातेला २ मिमीचं भोक पुरतं. भोकाच्या दोन्ही कडा गोल करा. वेढे भिंतीकडे सरकत जाऊ देऊ नका, शेवटचा वेढा आणि भिंत यांत तातेच्या जाडीएवढी तरी फट राहिली पाहिजे. तीन वेढे बास. जास्त वेढे म्हणजे जास्त लांबी ताणत बसते आणि सूर रात्रभर उतरत राहतो.

गाठ : टोक सुईच्या अग्रासारखं निमुळतं कापू नका. काडी पेटवून टोकाजवळ धरा, तात आखडते आणि टोकाला मण्यासारखी गोळी होते, गाठ तिच्यावरून निसटत नाही. ज्योत तातेला लागू द्यायची नाही, नाहीतर आतला दोन-तीन सेंमी भाग ठिसूळ होतो.

---

नायलॉनवाला

विद्यार्थ्यांच्या वाद्यांना नायलॉनला हरकत नसावी. मासेमारीची दोरी वारावर मिळते, हवामानाचा त्रास नाही, तुटत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फरक कुठे कळतो?

---

राळ_आणि_गज

फरक कानाला नंतर कळतो, हाताला पहिल्या दिवशी. सारंगीत बोट तातेवर दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी असलेली कातडी तातेच्या बाजूला टेकवून सरकवतात. तातेचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो, तो टाल्कम पावडर धरून ठेवतो. नायलॉन काचेसारखं गुळगुळीत असतं, पावडर झडून जाते, घामाने बोट एकदा चिकटतं आणि एकदा घसरतं. मींड (एका सुरातून दुसऱ्यात सरकत जाणं) शिकायच्या वयात हे शिकवू नये असं माझं ठाम मत आहे.

राळेचंही तसंच. गज तातेवरची राळ पकडतो, नायलॉनवर तो शिट्टी मारतो, मग विद्यार्थी जास्त राळ लावतो, ती चामड्यावर पडते, घोडीच्या भोकांत साचते आणि तरफा बंद पडतात.

तरीही लावायचंच असेल तर माप तसंच्या तसं घेऊ नका. नायलॉनची घनता १.१४ च्या जवळ, म्हणून तेवढ्याच ताणासाठी जाडी सुमारे सात टक्के जास्त लागते : १.० च्या जागी १.०७, १.२५ च्या जागी १.३३. मासेमारीची फ्लोरोकार्बन दोरी उलट जड आहे, घनता १.७८. तिथे १.० च्या जागी ०.८५ येते. आवाजाला ती नायलॉनपेक्षा उजळ, पण ०.८५ मिमीची कडक दोरी नखाखाली अक्षरशः कापते. नवं नायलॉन आठवडाभर ताणत राहतं हेही लक्षात ठेवा.

माझ्या मते तडजोडीची एकच जागा आहे : तिसरी. तिच्यावर बोटं कमी फिरतात.

---

गांबावादक_उट्रेख्ट

इथे नेदरलँड्‌समध्ये व्हियोला दा गांबा (गजाने वाजवायचं जुनं युरोपीय वाद्य) आणि जुन्या पद्धतीच्या व्हायोलिनला अजून साध्या ताती लागतात, म्हणून खरेदी आणि निवडीबद्दल लिहिते.

जाड तात महाग का, हे आधी समजून घ्या. आतड्याचा माल छेदाच्या प्रमाणात लागतो, जाडीच्या प्रमाणात नाही. १.६ मिमी तातेत १.० मिमीपेक्षा २.५६ पट आतडं जातं. आतडं साफ करून मधला तंतुमय थर तेवढा ठेवतात, क्षाराच्या पाण्यात भिजवतात, पट्ट्या चिरतात, ओल्या पट्ट्या एकत्र पिळतात, ताणून वाळवतात आणि मग घासून गोल करतात. घासताना बाहेरचे तंतू कापले जातात. जी तात फार चकचकीत आणि अगदी गोल दिसते, तिचे वरचे तंतू जास्त कापलेले असू शकतात आणि ती लवकर लव सोडते. घेताना चकाकीवर जाऊ नका.

पिळाचाही विचार करा. जास्त पिळाची तात लवचीक असते, खर्जात बोलते, पण ताकद कमी. कमी पिळाची मजबूत पण ताठ. म्हणून पहिलीला कमी किंवा मध्यम पीळ, तिसरीला जास्त पीळ मागा. दोरासारखी दोन-तीन पेडांत वळलेली जाड तातही मिळते. तिसरीला आवाजासाठी ती छान, मात्र पृष्ठभाग उंचसखल असल्याने सारंगीवर नखाला घासेल. घासून सपाट केलेली आहे का, हे विचारून घ्या.

तांबं किंवा चांदी गुंडाळलेली तात जुनीच युक्ती आहे, लंडनचा संगीत-प्रकाशक जॉन प्लेफोर्ड याने १६६४ मध्ये तिची जाहिरात छापली होती. बारीक तातेवर धातू चढवल्याने खर्ज लवचीक राहतो. सारंगीच्या तिसरीला लावली तर गुंडाळी सपाट तारेची, घासून सारखी केलेलीच हवी. गोल तारेच्या गुंडाळीवर नखाची कातडी आठवडाभरात सोलते, आणि दमट-कोरड्या हवेत आतली तात आखडली की गुंडाळी सैल होऊन किणकिणते.

हातात आलेली तात लावण्याआधी दोन तपासण्या :

मायक्रोमीटरने पाच ठिकाणी जाडी मोजा. फरक ०.०२ मिमीपेक्षा जास्त असेल तर ती तात वरच्या सप्तकात बेसूर निघते. तुम्ही कितीही अचूक बोट ठेवा.

दोन हातांत ४०-५० सेंमी ताणून धरा, उजेडासमोर अंगठ्याने छेडा. दोन स्वच्छ कडा असलेला पंखा दिसला तर तात खरी. मध्ये तिसरी-चौथी रेघ थरथरताना दिसली तर खोटी. खोटी निघाली तर टोकं उलटसुलट करून पाहा. कधी दोष असलेला भाग वाजत्या लांबीच्या बाहेर जातो.

दुकानदार एक वाद्य-लांबीचा तुकडाही विकतात आणि दोन-अडीच मीटरचाही. सारंगीला गाठ आणि वेढ्यांसकट ८० सेंमी धरा, २४० सेंमीतून तीन निघतात. परदेशातून मागवणार असाल तर एकेक मागवू नका : पाठवणी आणि कुरिअरवाल्याचं हाताळणी शुल्क दर पार्सलला लागतं, मग जकात आणि जीएसटी वेगळे. वर्षाच्या गरजेचं एकच पार्सल मागवा. त्याहून जास्त साठा मात्र नको, त्याचं कारण पुढे कुणी तरी लिहीलच.

---

कोरडा_डबा

लिहितो. ठाण्याच्या हवेत साठवलेली तात पडून पडूनही खराब होते. बुरशी, कसर, झुरळं आणि उंदीर, तातेला चौघेही गिऱ्हाईक. बोटभर रुंद वेटोळं करू नका, मुरड पडते आणि ती पुन्हा सुटत नाही. दहा-बारा सेंमी व्यासाचं सैल वेटोळं, साध्या कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. जेल रंग बदलतं ते घ्या, बदलला की कढईत मंद आचेवर कोरडं करून परत ठेवा. कागदावर जाडी आणि खरेदीचा महिना लिहा, जुनी आधी वापरा.

वाद्यावरच्या तातेचं : पावसाळ्यात तातेआधी चामडं पाणी पितं. चामडं सैल पडतं, घोडी खाली बसते, तीनही ताती आणि सगळ्या तरफा एकदम उतरतात. आपण खुंट्या पिळून सूर वर आणतो. मग वर्गातला एसी लागतो, दोन तासांत चामडं आखडतं, घोडी वर उचलली जाते, सगळं चढतं, आपण खुंट्या सोडतो. संध्याकाळी एसी बंद. असं दिवसातून दोनदा तात खाचेतून पुढे-मागे ओढली जाते. वर म्हटलेली व्ही खाच आणि हे, दोन्ही एकत्र आलं की पहिली तात दोन महिने टिकते, म्हणजे तुमचा वर्षाला सहाचा आकडा.

उपाय : सारंग्या पेटीत, पेटी बंद, आत २५०-३०० ग्रॅम सिलिका जेल. पेटीत पाच वॉटच्या पिवळ्या बल्बने ऊब देण्याची पद्धत जुनी आहे, पण बल्ब तातेपासून वीतभर लांब आणि अर्धा-पाऊण तासच. तापलेली तात ठिसूळ होते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र पेटीत ठेवा आणि ५० ते ६० टक्क्यांत राहील असं पाहा. एसी लावल्यावर वाद्य लगेच बाहेर काढू नका, पेटी बंदच अर्धा तास खोलीत राहू द्या. घोडीखालचा चामडी तस्माही तपासा, तो सैल असेल तर घोडीचा भार सगळा पातळ चामड्यावर येतो आणि हा झोका मोठा होतो.

रियाज झाल्यावर रोज कोरड्या सुती फडक्याने तात पुसा. राळ, पावडर आणि घाम यांचं पिठूळ थर बसतं, ते दमट हवेत पाणी धरतं. आठवड्यातून एकदा बदामाचं तेल, फडक्यावर दोन थेंब, आटीपासून गज फिरतो त्याच्या चार बोटं अलीकडेपर्यंतच. रात्रभर राहू द्या, सकाळी पूर्ण पुसून मगच पावडर. गजाच्या जागी तेल लागलं तर तात आणि गज दोन्ही मुकं होतात.

लव आली तर ओढायची नाही. नखं कापायच्या यंत्राने मुळाशी कापायची. ओढलेला एक तंतू पाच-सहा सेंमी उसवत जातो.

---

मिरजरस्ता

चौथ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात : मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कसब खरंच मोठं आहे, पण ती सगळी धातूच्या तारांची वाद्यं. तात वळणं हा तिथला धंदा नाही. घोडी, खाच, खुंटी, भोकाच्या कडा ही कामं मात्र तिथले कारागीर उत्तम करतात, सारंग्या घेऊन जायला हरकत नाही. सारंगी बनवण्याचं जुनं ठाणं मेरठ.

आपल्याकडे तात एके काळी घरोघर माहीत होती ती पिंजाऱ्याच्या धनुकलीमुळे. कापूस पिंजायला तीच लागायची. तिला सारखी जाडी आणि गुळगुळीतपणा लागत नसे, म्हणून ती वाद्याला जशीच्या तशी चालली नसती, पण आतडं साफ करणं, पिळणं, वाळवणं हे हात जवळपास होते. यंत्रावर गाद्या पिंजल्या जाऊ लागल्या तसे ते गेले. ही फार मोठी हानी आहे असं मला वाटतं.

शस्त्रक्रियेचा धागा विसरा. त्याची सर्वांत जाड मापंही १ मिमीच्या बरीच खाली थांबतात. शिवाय तो शरीरात विरघळावा म्हणूनच बनवलेला असतो, बरेचदा क्रोमियमची प्रक्रिया केलेला आणि द्रवात भिजवून ठेवलेला. वाळला की ताठ होतो. टेनिस रॅकेटची नैसर्गिक तात जाडीला जुळते, १.२५ ते १.३५ मिमी, म्हणजे तुमच्या दुसरीला. मात्र ती गाईबैलांच्या आतड्याची असते, हे वर्गात सांगूनच काय ते ठरवा. वरून तिला लेपही असतो, राळ धरायला तो गजाच्या जागी बारीक पॉलिश पेपरने हलका घासावा लागतो.

---

राळ_आणि_गज

खर्चाचा ताळा मांडतो. भाव गृहीत आहेत, तुमचे घाला. समजा पहिली ६०० रुपयांना पडते, दुसरी ८०० आणि तिसरी १,१००.

आत्ता एका सारंगीला : ६ × ६०० = ३,६००, २ × ८०० = १,६००, १ × १,१०० = १,१००. एकूण ६,३००, चार सारंग्यांचे २५,२००.

खाचा नीट करून पहिली वर्षाला तीनवर आली तर सारंगीमागे १,८०० वाचतात, चारांचे ७,२००. तिसरी कितीही स्वस्त शोधली तरी चारांत मिळून ४,४०० च्या वर काही वाचू शकत नाही. म्हणून शोधाशोध पहिलीपासून सुरू करायची.

एक जोडउपाय. पहिली तात लावताना ८० ऐवजी ८८-९० सेंमी घ्या आणि जादा भाग लंगोटाखाली सैल वेटोळं करून बांधून ठेवा. बोटांच्या जागी लव दिसू लागली की गाठ सोडून तात तीन-चार सेंमी खुंटीकडे ओढा. झिजलेली जागा बोटाच्या नेहमीच्या मुक्कामातून सरकते, गज आणि घोडीखालचा भागही नवा येतो. असं दोनदा करता येतं. उलट दिशेने, खुंटीकडचा मुरडलेला भाग वाजत्या लांबीत आणू नका, तो कधीच सरळ होत नाही.

नवी तात एकदम सुरात आणायची नाही. पहिल्या दिवशी चार सूर खाली, दुसऱ्या दिवशी दोन सूर खाली, तिसऱ्या दिवशी सुरात. मैफलीच्या किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी बदलू नका, निदान चार दिवस आधी बदला.

---

मंद्रपंचम

सगळ्यांचे मनापासून आभार. आज चारही घोड्या भिंगाखाली पाहिल्या. तिघींची पहिलीची खाच व्ही आकाराची आहे, एकीत तळाला राळेचा दगड झालाय. मोजमापात दुसरीही गोष्ट निघाली : १.० म्हणून आलेली तात एका टोकाला १.०१ आणि दुसऱ्या टोकाला १.०६ आहे.

एक शंका राहिली. खाच रुंद केल्यावर तात खोल बसते, तर तरफांची भोकं आणि मुख्य तात यांतलं अंतर कमी होऊन गज तरफांना लागेल का?

---

खाचखळगा

नाही. तरफा घोडीच्या अंगातल्या भोकांतून जातात, त्या बऱ्याच खाली आहेत, आणि तुम्ही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल जाणारच नाही. लक्ष ठेवायचं ते तीन तातींच्या आपसातल्या उंचीवर. मधली दुसरी दोन्ही शेजारणींपेक्षा थोडी वर राहायला हवी, नाहीतर गज एकटीवर टेकत नाही. दुसरीची खाच उतरवली तर सरळ पट्टी पहिली आणि तिसरीवर आडवी ठेवा, दुसरी पट्टीला उचलते का ते पाहा. उचलत नसेल तर दुसरीची जुनी खाच हाडाची बारीक पूड आणि पातळ सायनोअॅक्रिलेट गोंद यांनी भरून, चोवीस तासांनी नव्याने पाडा. १.०६ वाली तात टाकू नका, जाड टोक लंगोटाकडे ठेवून तिचे ४५ सेंमी सारख्या जाडीचे मिळतात का मोजा.